चारशे क्लिपा एकदम ओढल्या की कॉम्प्युटर का बसतो?

तुळशीचं लग्न लागलं की लातूर, नांदेड, जालना, बीडकडच्या फोटो स्टुडिओंत एडिटिंगचं काम साचायला लागतं. एका लग्नाचा माल म्हणजे दोन मिररलेस कॅमेऱ्यांची कार्डं, ड्रोनचं कार्ड, कुणाच्या तरी मोबाइलवर घेतलेला परण्या आणि मुलीकडच्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली हळद. हे सगळं एका फोल्डरमध्ये टाकायचं, फोल्डर उचलून एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सोडायचं, आणि पट्टी निम्म्यावर गेली की स्क्रीन पांढरी पडते, "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं, नाहीतर पीसी सरळ बंद होतो. दुरुस्तीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: विंडोज मारावी, म्हणजे नव्याने टाकावी लागेल. त्यात अर्धा दिवस जातो आणि बऱ्याचदा दुखणं तसंच राहतं. कॉम्प्युटर नेमका कसा बंद पडला हे कुणी विचारलेलंच नसतं, आणि निम्मं निदान तर त्यातच असतं.

आधी इम्पोर्टमध्ये, म्हणजे क्लिपा सॉफ्टवेअरमध्ये घेताना, काय घडतं ते पाहू. इम्पोर्ट करताना फायली कॉपी होत नाहीत. सॉफ्टवेअर त्या जागेवरच ठेवून त्यांची नोंद घेतं. पण ती नोंद घ्यायला प्रत्येक फाइल उघडावी लागते. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) कोणता, फ्रेम रेट किती, आवाजाचे ट्रॅक किती, हे वाचलं जातं. मग छोटं चित्र दाखवायला एखादी फ्रेम डीकोड होते, म्हणजे उलगडली जाते. त्यानंतर आवाजाच्या लाटा काढायच्या असतात, आणि इथे खरा भार पडतो. एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी एकमेकांत विणलेले असतात, त्यामुळे आवाज वाचायला डिस्कला फाइलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागतं. नव्या आवृत्त्यांत त्यावर आणखी क्लिपमधलं बोलणं लिहून काढण्यासारखी कामं मागच्या मागे सुरू होतात. वाढपी दोन आणि पंगत चारशेची, अशी गत होते. एडिटिंग करताना एका वेळी दोन-चार क्लिपाच चालू असतात, म्हणून महिनाभर सुरळीत चाललेला पीसी नेमका इम्पोर्टलाच आडवा होतो. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि वीज या सगळ्यांवर एकदम ताण येतो, आणि जे कच्चं असेल ते आधी सुटतं.

म्हणून पहिला प्रश्न हा, की बंद पडलं ते काय? एकटं सॉफ्टवेअर बंद झालं आणि डेस्कटॉप शाबूत राहिला, तर संशय खराब फाइल, कॅशे (सॉफ्टवेअरने स्वतःसाठी साठवलेल्या तात्पुरत्या फायली), ग्राफिक्स ड्रायव्हर आणि रॅमच्या जागेवर. निळी स्क्रीन येऊन काहीतरी कोड दाखवला, तर ड्रायव्हर, रॅमची पट्टी किंवा डिस्क. आणि काहीही न सांगता, बटण दाबल्यासारखा पीसी गेला, तर सॉफ्टवेअरला हातही लावू नका. वीज आणि उष्णता तपासा. चौथा प्रकार म्हणजे नुसतं अडकून राहणं. तेव्हा टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्क्यांवर असेल आणि वाचनाचा वेग हलताना दिसत असेल, तर काम चालू आहे, चहा पिऊन या. ज्यांनी तिथे जबरदस्तीने बंद केलं त्यांनी चालू काम स्वतःच मोडलेलं असतं.

आपण समोर नव्हतो, तरी विंडोजकडे नोंद असते. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप केलं की "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येतं. त्यात तारखेवार लाल फुल्या असतात, फुलीवर क्लिक केलं की कोणता प्रोग्रॅम पडला ते दिसतं. जास्त खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून "विंडोज लॉग्ज"मधलं "सिस्टिम" पाहायचं. तिथे "कर्नल-पॉवर ४१" असेल तर पीसी नीट शटडाउन न होता गेला. त्याच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा कोड) शून्य असेल तर बहुधा वीज तुटली किंवा पीसी जागीच गोठला. "डिस्क" नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांक दिसले तर हार्डडिस्क किंवा तिची केबल. "डिस्प्ले ४१०१" म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून परत उठला. "रिसोर्स एक्झॉशन २००४" म्हणजे मेमरी संपली. दुरुस्तीला नेण्याआधी या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एकटं सॉफ्टवेअर बंद पडतंय

चारशेपैकी एकच फाइल खराब असली तरी सगळा इम्पोर्ट बुडू शकतो. ती शोधायला एकेक फाइल टाकून बघत बसू नका. नवीन, रिकामा प्रोजेक्ट उघडा आणि पहिल्या दोनशे टाका. पडलं नाही, तर दोष उरलेल्या दोनशेत. त्यातल्या शंभर टाका, मग पन्नास, पंचवीस, तेरा, सात, चार, दोन. साधारण नऊ वेळा टाकलं की चारशेतली एक फाइल हाताशी येते. प्रत्येक वेळी प्रोजेक्ट नवा घ्या, नाहीतर आधीच्या अर्ध्यामुर्ध्या नोंदी गोंधळ घालतात. आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे नीट जात असतील, पण एकत्र टाकल्यावरच पडत असेल, तर फाइल निर्दोष आहे. मशीन कमी पडतंय. नुसत्या या एका प्रयोगाने निम्म्या शंका मिटतात.

फाइल खराब होते कशी? सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे वरात चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपणं, किंवा लाल दिवा लुकलुकत असतानाच कार्ड ओढणं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात. ती लिहायच्या आत वीज गेली की फाइल दहा जीबीची दिसते, पण कुठून काय वाचायचं हे तिला स्वतःलाच माहीत नसतं. अशी फाइल व्हीएलसीमध्येही नीट चालत नाही. तिला बाजूला काढा आणि कार्ड फॉरमॅट करू नका. कॅमेऱ्यात परत घातल्यावर काही कॅमेरे स्वतःच दुरुस्ती सुचवतात. नाहीतर त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून देऊन "अनट्रंक" नावाच्या मोफत साधनाने बरंच परत मिळतं.

दुसरं कारण अर्धवट कॉपी. कार्डावर फाइल ३.९ जीबी आणि हार्डडिस्कवर २.१ जीबी, असं सापडतं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि बाइट्स जुळतात का ते पाहायला अर्धा मिनिट लागतो. सोनीच्या दोन्ही कॅमेऱ्यांत सी०००१, सी०००२ अशीच नावं पडू शकतात हेही लक्षात ठेवा. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि "रिप्लेस" दाबलं गेलं, तर सप्तपदी गेली म्हणून समजा. प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर हवंच.

तिसरं, जे व्हिडिओ नाहीच ते आत जाणं. ड्रोनच्या कार्डावर एलआरएफ नावाच्या हलक्या प्रतीच्या फायली आणि एसआरटी सबटायटल फायली असतात. सोनीच्या कार्डावर एम४रूट फोल्डरात क्लिपांशेजारी छोट्या चित्रांचं एक फोल्डर असतं, आणि प्रॉक्सी (क्लिपची हलकी प्रत) चालू ठेवली असेल तर तिचं वेगळं. आख्खं कार्ड ओढलं की हे सगळंच आत जातं, आणि एकच प्रसंग दोनदा दिसायला लागतो.

मोबाइलच्या क्लिपांचं दुखणं निराळं. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतो. कॅमेऱ्याच्या क्लिपेत सेकंदाला २५ म्हणजे २५ फ्रेम असतात. मोबाइलच्या क्लिपेत कधी ३०, कधी २४, कधी त्याच्या मधलं काहीतरी. यामुळे बहुतेकदा आवाज पुढेमागे होतो, पण अशा पन्नास-साठ क्लिपा एकदम आल्या की सॉफ्टवेअर रखडतं, कधी पडतंही. "मीडियाइन्फो" हे मोफत साधन टाकून क्लिप त्यात उघडा. "फ्रेम रेट मोड" समोर "व्हेरिएबल" दिसलं की ती क्लिप आधी "हँडब्रेक"मधून काढा: व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट "सेम ॲज सोर्स", त्याखाली "कॉन्स्टंट" आणि क्वालिटी आरएफ १८ ते २०. रात्री रांगेला लावलं की सकाळी तयार.

नव्या कॅमेऱ्यांतलं १०-बिट ४:२:२ एच.२६५ फुटेज हा सध्याचा मोठा खड्डा आहे. रंग छान मिळतात म्हणून कॅमेरावाला ते सेटिंग लावतो, पण एनव्हिडियाच्या ५०-सिरीजच्या आधीच्या कार्डांत या प्रकारच्या डीकोडिंगची सोयच नाही. सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स, म्हणजे क्विक सिंक, हे काम सहज करतं. अट एकच, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "एफ" नको, कारण एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही. हजार-दीड हजार वाचवायला एफवाला प्रोसेसर घेतलेले स्टुडिओ नंतर पस्तावतात. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं की पुष्कळ मदरबोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप झोपवतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) "आयजीपीयू मल्टी-मॉनिटर" चालू करावं लागतं.

फायली निर्दोष निघाल्या तर सॉफ्टवेअरकडे वळा. ॲडोबीचं प्रीमियर असेल तर प्रेफरन्सेसमधल्या "मीडिया कॅशे"त जाऊन जुनी कॅशे उडवा. मूळ क्लिपांना काही होत नाही, ती परत बनते. त्याच पानावर कॅशेची जागा सी ड्राइव्हवरून दुसऱ्या एसएसडीवर न्या. वर्षभर न साफ केलेली कॅशे शंभर जीबी सहज खाते, आणि सी ड्राइव्ह लाल झाला की विंडोजला पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) वाढवायला जागा उरत नाही. मग "ऑडिओ" पानावर "ऑटोमॅटिक ऑडिओ वेव्हफॉर्म जनरेशन" बंद करा. चारशे क्लिपांच्या इम्पोर्टमध्ये सगळ्यात जास्त फरक या एका खुणेने पडतो. "मीडिया" पानावर एच.२६४ आणि एचईव्हीसीचं (म्हणजे एच.२६५चं) हार्डवेअर डीकोडिंग तात्पुरतं बंद करून पाहा. ते बंद केल्यावर सगळं सुरळीत गेलं, तर गुन्हेगार ग्राफिक्स ड्रायव्हर. तो डीडीयू हे साधन वापरून मुळापासून काढायचा आणि गेमवाल्यांचा नव्हे, "स्टुडिओ" ड्रायव्हर घालायचा.

आणि आवृत्ती क्रॅकवाली असेल तर वरचे अर्धे उपाय वाया. क्रॅकमध्ये बदललेल्या फायली अँटिव्हायरस मध्येच उचलतो, अपडेट घेता येत नाही, आणि पडण्याचं खरं कारण कधीच कळत नाही. पैसे नसतील तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती कायदेशीर आहे. तिचा भार मात्र ग्राफिक्स कार्डावर जास्त. ४ जीबीच्या कार्डावर ४के टाकलं की "जीपीयू मेमरी फुल" दाखवते.

रॅमचा हिशोब थोडक्यात: फुल एचडीला १६ जीबी, ४केला ३२. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर "कमिटेड"चे दोन आकडे असतात: मागितलेली मेमरी आणि तिची मर्यादा. इम्पोर्ट चालू असताना पहिला दुसऱ्याला भिडायला लागला की पडणार हे नक्की. पेजफाइल "सिस्टिम मॅनेज्ड" ठेवा आणि सी ड्राइव्हवर ४०-५० जीबी मोकळे राहू द्या. यूट्यूबवर पाहून पेजफाइल बंद केली असेल तर आधी ती चालू करा.

डिस्क आणि निळी स्क्रीन

थेट कार्ड रीडरवरून किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवरून इम्पोर्ट करू नये. फिरणारी हार्डडिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण शेकडो फायलींची डोकी एकदम वाचायला सांगितली की तिचा काटा इकडून तिकडे पळण्यातच वेळ घालवतो आणि वेग काही एमबीवर येतो. त्यात ती यूएसबी हबला लावलेली असेल, किंवा कॅबिनेटच्या पुढच्या सैल पोर्टात, तर मध्येच क्षणभर तुटते. तेवढ्याने प्रोजेक्ट लाल होतो, म्हणजे क्लिपा सापडत नाहीत असं दाखवतो. आधी आतल्या एसएसडीवर कॉपी, मग इम्पोर्ट. जागेचा अंदाज सोपा आहे: १०० एमबीपीएसचं ४के फुटेज तासाला ४५ जीबी खातं.

"क्रिस्टलडिस्कइन्फो"मध्ये डिस्कवर पिवळं "कॉशन" दिसलं, किंवा "करंट पेंडिंग सेक्टर"चा आकडा शून्याच्या वर असेल, तर त्या डिस्कवर पुढचं लग्न ठेवू नका. आधी माल दुसरीकडे हलवा, दुरुस्तीचं नंतर.

निळ्या स्क्रीनवर "मेमरी मॅनेजमेंट" आलं तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर एकेक पट्टी काढून बघा, आणि बायोसमधलं एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) बंद करून पुन्हा तपासा. "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" म्हणजे ग्राफिक्स. "डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल" म्हणजे हार्डवेअर, बहुधा प्रोसेसरला मिळणारी वीज. इथे एक खास गोष्ट: इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला आय७ किंवा आय९ असेल आणि बायोस तेव्हापासून बदललेला नसेल, तर बाकी सगळं सोडून आधी तो बदला. आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीतून बदलून घ्यावा लागतो.

पीसी आवाज न करता गेला तर

मराठवाड्यात हा प्रकार जास्त, आणि त्याकडे लक्ष सगळ्यात कमी. बहुतेक स्टुडिओंत ६०० व्हीएचा यूपीएस असतो. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. आय७ प्रोसेसर, १७० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर धरला तर पूर्ण भाराला ४०० वॅट सहज ओलांडले जातात. साधं टायपिंग चालू असताना हाच पीसी शंभर वॅटवर असतो, म्हणून यूपीएस वर्षानुवर्षं ठीक वाटतो. चारशे क्लिपा टाकल्या की तो शिट्टी मारतो आणि सोडून देतो. असल्या पीसीला निदान १००० ते ११०० व्हीए हवा. खात्री करायची तर एकदा यूपीएस वगळून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून तोच इम्पोर्ट करून पाहा.

इन्व्हर्टरवर असाल तर मागच्या बाजूचा स्विच बघा. "यूपीएस मोड"मध्ये लाइट गेल्यावर तो झटकन बॅटरीवर जातो, दुसऱ्या मोडमध्ये जास्त वेळ घेतो. पीसीचा पॉवर सप्लाय पूर्ण भाराला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला त्याहून कमी. ट्यूबलाइट नुसती लुकलुकते, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. ज्या गावात शेतीपंप आणि घरं एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत तिथे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. मल्टिमीटर लावून त्या वेळचा आकडा बघा. पडण्याची वेळ आणि मोटारीची वेळ जुळली तर स्टॅबिलायझरशिवाय गत्यंतर नाही.

आता उन्हाळा. लग्नाच्या दाट तिथी एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर. खोलीचं तापमान १५ अंशांनी वाढलं की आतल्या भागांचंही जवळजवळ तेवढंच वाढतं, म्हणून डिसेंबरात ८० वर राहणारा प्रोसेसर मेमध्ये ९५ ला जातो. "एचडब्ल्यूइन्फो" उघडं ठेवून इम्पोर्ट करा. आकडा ९५-१०० ला टेकला तर प्रोसेसर आधी मंदावतो. त्यानेही भागलं नाही तर पीसी स्वतःला बंद करतो. कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावून पाहा. तेवढ्याने पडणं थांबलं तर कारण सापडलं. मग ब्लोअरने धूळ काढा, पंखा बोटाने धरून, नाहीतर हवेने गरगर फिरून तो खराब होतो. प्रोसेसरवरची पेस्ट दोन-तीन वर्षांनी नवी लावा. खोलीतला कूलर कॅबिनेटवर थेट सोडू नका; ओली हवा धुळीचा चिखल करते आणि हीटसिंकच्या फटी बुजतात.

बाकी शिस्त इम्पोर्टची. २०-२५ क्लिपा टाका, पट्टी पूर्ण होऊ द्या, सेव्ह करा, मग पुढच्या. साखरपुडा, हळद, परण्या, लग्न, वरात अशी वेगवेगळी बिनं, म्हणजे सॉफ्टवेअरमधले कप्पे, ठेवा. फोल्डरांची नावं छोटी ठेवा. विंडोजमध्ये पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की काही प्रोग्रॅमना फाइल सापडत नाही. ४के जड जात असेल तर प्रॉक्सी बनवा. फुल एचडीची प्रोरेस प्रॉक्सी तासाला साधारण १७ जीबी घेते, आणि आठ वर्षं जुन्या पीसीवरही हलकी चालते.

हरिनाम सप्ताहाची कीर्तनं करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जुन्या हँडीकॅमवर दोन तासांचं कीर्तन २४ एमबीपीएसने साधारण २१-२२ जीबी होतं, आणि कॅमेरा ते ४ जीबीपर्यंतच्या एमटीएस तुकड्यांत मोडतो. स्ट्रीम फोल्डरमधल्या नुसत्या एमटीएस फायली उचलून आणल्या तर जोडावर आवाजाच्या काही फ्रेमा गळतात आणि नेमका अभंगाचा शब्द तुटतो. कार्डावरचं "प्रायव्हेट" फोल्डर आतल्या सगळ्यासह जसंच्या तसं कॉपी करा आणि प्रीमियरच्या मीडिया ब्राउझरमधून उघडा. सहाही तुकडे एकच क्लिप म्हणून दिसतील. ती एकदाच आत घ्या. साध्या "इम्पोर्ट"ने सहाही फायली निवडल्या तर प्रत्येक फाइल आख्खं कीर्तन म्हणून आत येऊ शकते, मग सॉफ्टवेअर दोन तासांच्या आवाजाच्या लाटा सहा वेळा काढत बसतं.